गुण देणारा हात

दिवाळीच्या पाडव्याला द्यूतप्रतिपदा असेही एक नाव आहे. त्या दिवशी पट मांडून बसायला आपल्या वाडवडिलांनी मुभाच दिलेली असल्यामुळे, दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे एका खेळाची गोष्ट ठेवली तर ती अप्रस्तुत ठरू नये. हा खेळ मात्र कवड्यांचा नव्हे. तो कॅलिफोर्नियात एका संगणकाच्या पोटात चालला, आणि त्यातून उठणारा प्रश्न थेट आपल्या मुलांच्या निकालपत्रकापर्यंत येऊन पोचतो.

लॉरेन्स फोगेल नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1960 नंतरच्या दशकात एक विचार मांडला. यंत्राला बुद्धी शिकवत बसण्यापेक्षा ती निपजू का देऊ नये? कच्चे उपाय पुष्कळ निर्माण करावेत, त्यांतले बरे ठेवावेत, त्यांच्यात थोडा थोडा फेरफार करून नवे उपाय काढावेत आणि पुन्हा निवड करावी. आमच्या वडनेर भोलजीच्या शिवारात ही गोष्ट नवी वाटण्याचे कारण नाही. संकरित बियाणे दुकानात मिळू लागण्यापूर्वी शेतकरी ज्वारीची भरदार, टपोऱ्या दाण्यांची कणसे वेगळी काढून बियाण्यासाठी जपून ठेवी. वर्षानुवर्षे अशी निवड होऊनच वाण घडत गेले. त्या शेतकऱ्याला उत्क्रांती हा शब्द ठाऊक नव्हता, पण ती घडवून आणणारा हात त्याचाच होता.

बापाचा हा विचार मुलाने, डेव्हिड फोगेलने, पुढे चालवला. कुमार चेल्लपिल्ला या भारतीय वंशाच्या सहकाऱ्याला बरोबर घेऊन त्याने गेल्या शतकाच्या अखेरीस चेकर्स हा खेळ निवडला. बुद्धिबळासारखाच चौसष्ट घरांचा पट, दोन्ही बाजूंना बारा-बारा सोंगट्या, चाल तिरपी, आणि शत्रूच्या सोंगटीवरून उडी मारली की ती बाद. संगणकात त्यांनी तीस खेळाडू निर्माण केले. खेळाडू म्हणजे तरी काय, तर पट पाहून परिस्थिती बरी की वाईट हे ठरवणारी पाच हजारांहून अधिक आकड्यांची एक जुळणी. सुरुवातीला हे आकडे मन मानेल तसे टाकलेले होते. खेळाचे नियम, काही चाली पुढे पाहण्याची रीत आणि कोणाच्या किती सोंगट्या उरल्या याची मोजदाद, एवढीच शिदोरी बरोबर दिली होती. डावपेच एकही सांगितला नव्हता.

प्रत्येकाने पाच डाव खेळायचे. जिंकला तर एक गुण, बरोबरी झाली तर शून्य, हरला तर वजा दोन. बेरीज करून पहिले पंधरा ठेवायचे, उरलेले पंधरा पुसून टाकायचे आणि राहिलेल्यांची किंचित बदललेली पंधरा पिल्ले त्यांच्या जागी बसवायची. यातली मौज अशी की, कोणता डाव जिंकलास आणि कोणता हरलास हे त्यांना कधीच कळवले जात नसे. निवड व्हायची ती फक्त बेरजेवर. वर्षाअखेरी मुलाच्या हातात नुसती एकूण टक्केवारी ठेवावी आणि उत्तरपत्रिका कधीच दाखवू नये, तसलाच हा प्रकार. तरीही सुमारे सहा महिने यंत्र अहोरात्र चालले आणि 840 पिढ्यांनंतर जो खेळाडू निपजला, त्याने इंटरनेटवरच्या एका क्रीडास्थळी माणसांशी 165 डाव खेळून तिथल्या शंभरांतल्या नव्याण्णवांहून अधिक खेळाडूंच्या वरचा क्रम मिळवला. त्याने तिथे चोवीस वर्षांच्या एका सोनेरी केसांच्या तरुणीचे सोंग घेतले होते. ‘ब्लाँडी24’ हे नाव त्यावरूनच पडले. हे सोंग अर्थात यंत्राच्या डोक्यातून निघालेले नव्हते, ते त्याच्या मालकांचे! 2001 साली फोगेलने याच नावाने ही सारी हकीकत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

शास्त्र म्हणून हे विलक्षण आहे, आणि त्याचे कौतुक करायला मी मागे राहणार नाही. पण अशा गोष्टी ऐकल्या की आपल्याकडचे काही शहाणे लगेच मान डोलावतात. ‘बघा, जगाची रीतच ही. स्पर्धा लावा, नालायक गळून जातील, लायक वर येतील.’ शाळांच्या बाबतीत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की, त्याची थोडी झडती घेतल्यावाचून राहवत नाही.

हरण्याला वजा दोन हे कोणी ठरवले? निसर्गाने नव्हे, फोगेलने ठरवले. त्याऐवजी वजा दहा ठेवले असते तर बहुधा धोका टाळून बरोबरीवर समाधान मानणारी जात निपजली असती. हरण्याला काहीच दंड नसता तर कदाचित बेफिकीर जुगारी निपजले असते. खेळाडूंचा स्वभाव त्या तीन आकड्यांत आधीच दडलेला होता. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. ज्याला खात्री नाही त्याने प्रश्न सोडून द्यावा, असा हा धडा, आणि तो आमची मुले वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी गिरवतात. डॉक्टरला तो उपयोगी पडेलही. पण हा धडा देणारा कोणी माणूस आहे आणि त्याने दुसराही देता आला असता, हे विसरून ‘स्पर्धेने ठरवले’ म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी पटावर ढकलणे होय.

आणि त्या पुसलेल्यांचे काय? 840 पिढ्या, दर पिढीला पंधरा; हिशेब केला तर साडेबारा हजारांवर खेळाडू त्या यंत्रात नाहीसे झाले. ते आकडेच होते, त्यांच्यासाठी कोणी सुतक पाळावे असे मी म्हणत नाही. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. त्या सबंध उद्योगात हरलेला कोणीही स्वतःच्या हरण्यातून काही शिकला नाही. शिकली ती जमात. शेतकऱ्याने बियाण्यासाठी न निवडलेली कणसेसुद्धा खळ्यावर जात, आणि घर वर्षभर त्यांचीच भाकरी खाई. जुन्या मोक्षपटावर दुर्गुणाच्या सापाने गिळलेली सोंगटी खालच्या घरात येई, पण पटाबाहेर जात नसे. पुढच्या दानाची वाट पाहात ती तिथेच बसे.

आपल्या विदर्भातलेच उदाहरण ताजे आहे. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमी येथे महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाला नागपूरची दिव्या देशमुख गेली तेव्हा तिला पंधरावे मानांकन होते. चौथ्या फेरीत चीनच्या झू जिनरशी तिची गाठ पडली. पहिला डाव ती जिंकली आणि दुसरा हरली. फोगेलच्या कोष्टकाप्रमाणे बेरीज वजा एक. आकड्यांच्या त्या जगात तिचे नाव बहुधा खालच्या पंधरांत पडले असते. तीच मुलगी, तोच पराभव डोक्यात घेऊन, जलद डावांसाठी पुन्हा त्याच प्रतिस्पर्धिणीसमोर येऊन बसली आणि फेरी जिंकली. 28 जुलैला तिने अंतिम लढतीत कोनेरू हम्पीला हरवले, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.