आजचं चिंतन : बंद दार आणि मुक्ताई



आज मार्गशीर्ष शुद्ध एकादशी, गीता जयंती. योगेश्वरी आईच्या मार्गशीर्ष नवरात्रासाठी मी अंबाजोगाईला आलेय, पौर्णिमेपर्यंत इथेच आहे. आजचं वाचन गीतेच्या बाराव्या अध्यायातलं, श्लोक १३ ते १५. भक्त कसा असतो ते भगवंत सांगतात. तो कुणाचा द्वेष करत नाही, सगळ्यांशी मैत्रीने आणि करुणेने वागतो. आणि १५ व्या श्लोकात म्हणतात, ज्याच्यामुळे लोकांना त्रास होत नाही आणि लोकांमुळे जो त्रासून जात नाही, तो मला प्रिय आहे.

हा श्लोक मी शंभर वेळा वाचला असेल. या आठवड्यात तो पहिल्यांदा नीट कळला, असं वाटतंय.

सप्तमीला घरी पोचले तर माझी भाची खोलीचं दार लावून आत. ती नववीत आहे. एरवी मी आले की बॅग हातातून ओढून घेणारी पोर. ताई म्हणाली, "चार दिवस झाले, असंच चाललंय. मैत्रिणींचं काहीतरी. मी सांगितलं तिला, दुर्लक्ष कर म्हणून."

काय झालं होतं, ते नंतर कळलं. पाच जणींचा ग्रुप होता. चौघींनी हिला वगळून व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप केला. त्यात हिचे फोटो, त्यावर हसणं. मधल्या सुट्टीत ही डबा घेऊन गेली की बाकावर दप्तरं ठेवलेली. मारामारी नाही, शिवी नाही. त्यामुळे मोठ्यांना सांगायचं तरी काय, हा तिचा प्रश्न.

दाराबाहेर उभी होते आणि मला मुक्ताई आठवली.

ताटीचे अभंग तुम्हाला माहीत आहेत. कुणीतरी जिव्हारी लागेल असं बोललं, ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले, आणि धाकटी बहीण दाराशी उभी राहून त्यांना बाहेर बोलावत राहिली. आपण त्यातली क्षमा घेतो, शांती घेतो. पण मुक्ताई कोण होती, ते विसरतो. तीसुद्धा त्याच 'संन्याशाच्या पोरां'पैकी एक होती. आईवडील गेलेले, गावाने वाळीत टाकलेलं. भावंडांना मांडे खायचे होते, म्हणून ती खापर आणायला गेली, तर विसोबांनी कुंभाराला ते देऊ दिलं नाही, अशी कथा आहे. एका लहान मुलीला साधं खापर मिळू नये, यासाठी एक मोठा माणूस आडवा येतो!

म्हणजे जी स्वतः टोमणे झेलत होती, तीच दुसऱ्याच्या दाराशी उभी राहिली. तिने भावाला "दुर्लक्ष कर" म्हणून सांगितलं आणि ती निघून गेली, असं झालं नाही. दार उघडेपर्यंत ती थांबली. समजावलं, हक्काने दोन शब्द सुनावलेही, तू कोण आहेस याची आठवण करून दिली. मला विचाराल तर मैत्रीची याहून चांगली व्याख्या नाही.

मग मीही उंबऱ्याशी बसले. उपदेश सुचत होता, पण तो तोंडातून निघेना. कारण मला आठवत होतं ते दुसरंच काही.

मी आठवीत असताना आमच्या वर्गात एक मुलगी होती. जवळच्याच एका गावातली. दिवाळी झाली की तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे, उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. ती आजीजवळ राहायची. आपल्या बीड जिल्ह्यात हे काही नवं नाही. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात. आम्ही तिचं नावच 'कोयता' ठेवलं. नाव मी ठेवलं नाही. मी फक्त हसले. ती एकटी डबा खायची, आणि मी रोज संध्याकाळी आजीसोबत हरिपाठ म्हणायचे. फेब्रुवारीत ती शाळेत यायची बंद झाली. का, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

हे सगळं मी त्या बंद दाराला सांगितलं. बराच वेळ आतून काही आवाज नाही. मग, "मावशी, तू पण?"

"हो गं. मी पण."

कडी निघाली.

आता पुन्हा श्लोकाकडे येऊ. त्याचे दोन भाग आहेत. लोकांमुळे त्रासून जाऊ नकोस, हा दुसरा. ज्या मुलीला छळतात, तिला आपण नेमका तेवढाच ऐकवतो. सहन कर, मनावर घेऊ नको, मोठ्या मनाने माफ कर. पण भगवंतांनी पहिला भाग कोणता सांगितलाय? तुझ्यामुळे कुणाला त्रास होऊ नये. हे त्या चौघींना कोण सांगणार? आठवीतल्या मला कुणी सांगितलं होतं? आपण श्लोक अर्धाच शिकवतो, आणि तोही जिला लागलंय तिलाच.

माउली या श्लोकावर समुद्राचा दाखला देतात. समुद्र कितीही खवळो, त्यातल्या जलचरांना त्याची भीती वाटत नाही. आणि त्या जलचरांचा समुद्राला कधी वीट येत नाही. मैत्री निरोगी आहे का, हे यावरून ओळखता येतं. तिच्यासोबत असताना मला सतत धास्ती वाटते का? आज कोण रुसेल, आज कुणाला वगळतील? वाटत असेल तर तो समुद्र नाही, डबकं आहे. त्यातून बाहेर पडणं म्हणजे हरणं नव्हे.

आणि क्षमा म्हणजे गप्प बसणं नव्हे. नवमीला ताई आणि मी शाळेत गेलो. मेसेजचे स्क्रीनशॉट ठेवले होते, सगळं लेखी दिलं. कुणाच्या आईशी भांडलो नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. तुमच्यापैकी कुणी वसतिगृहात राहात असेल, तर हेही माहीत असू द्या. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे, चिडवणं आणि लाज आणणंही त्यात येतं, आणि लेखी तक्रारीची चौकशी संस्थाप्रमुखाने सात दिवसांत करायची असते. १८ वर्षांखालच्या मुलामुलींसाठी १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर आहे. मदत मागितल्याने श्रद्धा कमी होत नाही.

सगळं सुरळीत झालंय का? नाही. चौघींपैकी एकीने काल रात्री "सॉरी" एवढाच मेसेज केला. बाकीच्या अजून बोलत नाहीत. पण भाची आता दुसऱ्या एका मुलीसोबत डबा खाते. ती मुलगी वर्षभर एकटीच बसायची म्हणे. "मला आधी दिसलीच नव्हती गं ती," असं भाची म्हणाली. मी काही बोलले नाही.

आज पहाटे दोघी देवळात गेलो. येताना तिला देवीची गोष्ट सांगितली. योगेश्वरी कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नासाठी आली, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचं झालं, आणि आई कुमारिका म्हणून इथेच राहिली, असं आपल्याकडे सांगतात. भाची जरा थांबली आणि म्हणाली, "म्हणजे सगळे दगड झाले तरी ती देवीच राहिली ना?"

हो बाळा. राहिली.

आणि जे दगड झाले त्यांचं काय, हा प्रश्न माझा. मला विसोबांचा आधार वाटतो. खापर अडवणारे तेच विसोबा पुढे त्या भावंडांपुढे नमले, आणि नामदेवांचे गुरू झाले, असं परंपरा सांगते. पसायदानातही माउली दुष्टांचा नाश मागत नाहीत. त्यांच्यातला वाकडेपणा जावा आणि जीवांची एकमेकांशी मैत्री व्हावी, एवढंच मागतात. ज्यांना गावाने वाळीत टाकलं, त्यांनी हे मागितलं.

त्या वर्गमैत्रिणीच्या गावाचं नाव मला अजून आठवतं. अंबाजोगाईपासून फार लांब नाही. पौर्णिमा झाली की जाणार आहे. भेटेल की नाही, माहीत नाही. भेटली तर दार उघडेल की नाही, तेही तिच्यावर आहे. नाही उघडलं तर तो तिचा हक्क. पण इतक्या वर्षांत एकदा तरी मी तिच्या दाराशी जायला हवं होतं.

आजचा संकल्प : आपल्या वर्गात, हॉस्टेलवर, ऑफिसात एकटं जेवणारं कोण आहे, ते आज बघायचं. आणि डबा घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसायचं.

योगेश्वरी माता की जय. राम कृष्ण हरी.