भिडेपोटी दिलेला शब्द



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एक गृहस्थ मागे रेंगाळले. सगळे गेल्यावर त्यांनी पिशवीतून एक चकचकीत फाईल काढली आणि विचारले, "फादर, मी सही केली आहे. शब्द दिला आहे. आता तो मोडला तर पाप लागेल का?"

त्यांच्या परवानगीने, नाव न सांगता लिहीत आहे. (आटगावात नाव न सांगण्याला तसा फारसा अर्थ नाही, हे मला ठाऊक आहे. तरी कृपा करून अंदाज बांधत बसू नका.)

मे महिन्यात हे कुटुंब गोव्याला गेले होते. कित्येक वर्षांनी घडलेली सहल. पहिल्या दिवशी जुन्या गोव्याला बॉम जेझू बॅसिलिकामध्ये संत फ्रान्सिस झेविअरचे दर्शन, दुसऱ्या दिवशी कलंगुटचा किनारा. तिथे एका हसतमुख तरुणाने त्यांच्या हातात एक कार्ड ठेवले. खरवडले तर बक्षीस! बक्षीस घ्यायला जवळच्याच एका रिसॉर्टमध्ये जायचे, गाडी फुकट, फक्त दीड तास एक माहिती ऐकायची. अट एकच : नवरा-बायको दोघांनी यायला हवे.

ही अट नीट लक्षात घ्या. एकटा माणूस "घरी विचारून सांगतो" असे म्हणून उठू शकतो. दोघे समोर बसले की ते दार बंद होते. (मला आजवर असे कार्ड कोणी दिलेले नाही. ब्रह्मचर्याचा हाही एक लाभ!)

दीड तासाचे साडेतीन तास झाले. मुलांना खेळायच्या खोलीत नेले. सरबत आले, मग जेवण आले. गेल्या पाच वर्षांत मुलांना कुठे कुठे नेले, असे विचारले. उत्तर देताना या गृहस्थांची मान खाली गेली. "मग मुलांसाठी काही करावे असे वाटत नाही का?" वर्षाला सात दिवस, पंचवीस वर्षे, किंमत 3,80,000 रुपये. ते नको म्हणाले तेव्हा मोठे साहेब आले आणि किंमत 2,40,000 झाली. पण फक्त आज, या टेबलावरून उठेपर्यंत. पलीकडच्या टेबलावर कोणी सही केली की टाळ्या वाजत होत्या. शेवटी यांनीही सही केली, कार्डावरून 20,000 रुपये भरले आणि हॉटपॉटचा एक सेट घेऊन बाहेर पडले. बाकी रक्कम 36 हप्त्यांत. शिवाय देखभालीचा खर्च दरवर्षी, जा अथवा न जा. थोरल्या मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. तिच्या फीचे पैसे आता या हप्त्यांत जाणार. घरी आल्यापासून नवरा-बायको एकमेकांशी धड बोललेले नाहीत.

मी विचारले, "तुम्ही उठून का नाही आलात?" त्यांचे उत्तर मी विसरणार नाही. म्हणाले, "फादर, त्यांचे जेवलो होतो."

आपण मिठाला जागणारी माणसे. ज्याचे खाल्ले त्याला नाही कसे म्हणायचे? गरिबाच्या घरी या भावनेचे मोल फार मोठे आहे, आणि तिला हसण्याचे पाप माझ्या हातून होऊ नये. पण विकणाऱ्यालाही ती ठाऊक असते, आणि त्याने त्या दुपारी तिचाच गळ केला. पाहुण्याला वाढलेले अन्न आणि गळाला लावलेले आमिष दिसायला सारखेच असते. फरक वाढणाऱ्याच्या हेतूत असतो. ज्या ताटामागे हिशेब आहे, ते ताट म्हणजे व्यापारातला खर्च. त्याचे ऋण जेवणाऱ्यावर चढत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी सुम्मा या ग्रंथात गोड वागण्याला सद्गुण म्हटले आहे, आणि तोही न्यायाच्या घरातला (दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध, प्रश्न 114). माणसांनी एकत्र राहायचे तर एकमेकांशी सौजन्याने वागणे हे आपले देणेच आहे, असे ते मानतात. पण तिथेच ते पुढे सांगतात की काही भले साधायचे असेल किंवा वाईट टाळायचे असेल, तर सद्गुणी माणूस समोरच्याला नाराज करायला कचरत नाही. सेमिनरीत हे वाचले तेव्हा मला ते किरकोळ वाटले होते. आता वाटते, आपल्याकडची अर्धी कर्जे या एका वाक्याअभावी झाली असतील. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्यांना थॉमस न वाचताच कळले होते.

आता मूळ प्रश्न : दिलेल्या शब्दाचे काय?

संत मार्कच्या सहाव्या अध्यायात हेरोद राजाची मेजवानी आहे. नाचणाऱ्या मुलीला तो भर पंगतीत शब्द देऊन बसतो, आणि ती बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर मागते. राजाला वाईट वाटते. पण शपथ घातलेली, पाहुणे बघत असलेले. त्यांच्या भिडेने तो शब्द पाळतो. शब्द पाळणे प्रत्येक वेळी पुण्याचेच असते असे ज्याला वाटते, त्याने ही मेजवानी आठवावी. रिसॉर्टची सही म्हणजे कोणाचे शिर नव्हे, हे मान्य. पण मुलीची फी ही लहानसहान गोष्ट नाही.

आपली ख्रिस्तसभा शब्दाकडे कशी बघते? 1983 च्या कॅनन लॉ संहितेचे 1191 वे कलम सांगते की गंभीर व अन्याय्य भीतीपोटी किंवा कपटाने घडलेला नवस आपोआपच रद्द ठरतो. म्हणजे देवाला दिलेला शब्दसुद्धा! जी मुलगी धर्मभगिनी होऊ पाहते, तिला ख्रिस्तसभा त्याच दिवशी सही करायला लावत नाही. बारा महिन्यांचे नोव्हिशिएट, त्यानंतर किमान तीन वर्षांची तात्पुरती व्रते, आणि मग आयुष्यभराचा होकार. देव एवढा थांबतो, आणि हॉटेलवाल्याला संध्याकाळपर्यंत थांबवत नाही! होकाराला काही रात्री लागतात. निवांतपणे विचार करायला मिळू नये अशीच जिथे सगळी मांडणी असते, तिथे सही मिळते. पण पूर्ण होकार मिळतो असे मला वाटत नाही.

युरोपातील कायदाही याच विचारापाशी आला. टाइमशेअरची कल्पना 1960 च्या दशकात फ्रान्सच्या आल्प्स पर्वतातून पसरली, आणि सुट्टीवरच्या माणसांना घेरून विकण्याच्या तक्रारी एवढ्या वाढल्या की युरोपीय संघाने 1994 मध्ये असा करार किमान दहा दिवसांत मोडण्याचा हक्क ग्राहकाला दिला आणि त्या मुदतीत आगाऊ पैसे घेण्यास मनाई केली. 2008 च्या नियमाने ही मुदत चौदा दिवस झाली. आपल्याकडे टाइमशेअरसाठी असा वेगळा कायदा नाही. कंपनीने आपल्या करारात काही मुदत लिहिली असेल तर तीच, आणि ती बहुधा बारीक अक्षरांत मागच्या पानावर असते.

हे गोव्याच्या किनाऱ्यावरच घडते असे समजू नका. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातल्या खोल्यांच्या रात्री विकण्याच्या योजना काढल्या. मुदतीनंतर वाढीव रक्कम परत, असे त्यांचे स्वरूप होते. ही नोंदणी नसलेली सामूहिक गुंतवणूक योजना आहे असे ठरवून सेबीने जुलै 2014 मध्ये तिला पैसे गोळा करण्यास मनाई केली, आणि फेब्रुवारी 2016 मध्ये सुमारे 51 लाख लोकांचे 7,000 कोटींहून अधिक रुपये परत करण्याचा आदेश दिला. आदेश निघाला म्हणून पैसे हातात पडले असे झाले नाही. अशा योजना गावोगाव पोचतात त्या ओळखीच्या माणसाकडून. तिथे फुकटचे जेवणही लागत नाही. भाऊजी घरी आले, चहा झाला, त्यांना नाही कसे म्हणायचे?

एक सावधगिरी. नंतर पस्तावलो म्हणून कोणताही करार झटकता येतो, असा अर्थ कोणी काढू नये. सोसायटीचे कर्ज शुद्धीत, विचार करून घेतले असेल तर ते फेडलेच पाहिजे. आग्रह करणे म्हणजे फसवणूक नव्हे. भाजीवालीही आग्रह करते. पण "फक्त आज" हे खोटे असेल, वर्षाच्या खर्चाबद्दल सहीपूर्वी गप्प बसले असतील, तर ती गोष्ट निराळी. विकणाऱ्याने मालातला छुपा दोष झाकू नये, असे थॉमस यांनी प्रश्न 77 मध्ये स्पष्ट मांडले आहे.

आणि तो हसतमुख तरुण? तोही कोणाचा तरी मुलगा. महिन्याचे टार्गेट पुरे झाले नाही तर त्याची नोकरी जाईल. आपल्या भागातली मुलेही कसाऱ्याची लोकल पकडून अशाच फोनच्या नोकऱ्यांना जातात, आणि रविवारी हायवेवर फार्महाऊस प्लॉटची पत्रके वाटतात. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले होते, "फादर, खरे सांगितले तर विकले जात नाही, मग काय करू?" त्याला मी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. एवढेच म्हणालो की समोरचा माणूस नाही म्हणाला की एकदा तरी ते नाही ऐकून घे.

त्या गृहस्थांना मी सांगितले की तुम्हाला पाप लागत नाही, पण लपूनही बसू नका. आम्ही दोघांनी करार वाचला. रद्द करण्याची मुदत होती, आणि तिचे तीन दिवस बाकी होते. त्यांनी पत्र लिहिले, दोघांच्या सह्या घेतल्या, ई-मेल केला आणि सोमवारी स्पीड पोस्टाने पाठवून पावती जपून ठेवली. मुदत संपली असती तरी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर विचारता आले असते. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराविरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची सोयही आहे. कंपनीचे दोन फोन आले. दोन्ही वेळा बाई बोलल्या, आवाज न चढवता, आणि नाही म्हणाल्या. पैसे अजून यायचे आहेत.

मागच्या रविवारी ते पुन्हा थांबले. या वेळचा प्रश्न हॉटपॉटच्या सेटचा होता : तो परत पाठवायचा की ठेवायचा? करारात त्याबद्दल काही लिहिलेले नाही. ते म्हणतात, पाठवून मोकळे होऊ. बाई म्हणतात, कुरिअरचा खर्च कोण देणार? सेट अजून खोक्यातच आहे.