कर्ता कोणाला म्हणावे?

एखादा माणूस घरच्या वर्कशॉपसाठी बेल्ट ग्राइंडर करायला घेतो. बाजारातला महाग पडतो, शिवाय त्याला हवा तसा तो नसतो. मग तो संगणकावर, समजा फ्रीकॅड या आरेखनाच्या प्रणालीत, यंत्राचे मॉडेल करतो: सांगाडा उभा करतो, चाके बसवतो, मोटार जोडतो आणि प्रत्येक भाग फिरवून कुठे काही आड येत नाही ना हे पाहतो. त्यानंतर जाड पत्रा लेसरवर कापून आणतो, चौकोनी पाइप वेल्ड करतो आणि यंत्र चालू करतो. या सगळ्या उद्योगात एक जुना तात्त्विक प्रश्न दडलेला आहे. हे यंत्र घडले कुठे, आणि ते घडवणारा म्हणून बोट कोणाकडे दाखवायचे? आजच्या काळाचे उत्तर तयार आहे. यंत्र मॉडेलमध्येच पूर्ण झाले. पुढची नुसती अंमलबजावणी, ती वेल्डरने केली काय आणि उद्या रोबोने केली काय, फरक पडत नाही. हे उत्तर मला चुकीचे वाटते, आणि ते कारागिरांविषयीच्या प्रेमापोटी नव्हे. कर्ता कोणाला म्हणायचे याचा आपल्याकडे फार काटेकोर विचार झालेला आहे, आणि घरी घडवलेल्या अवजारांवर तो घासून पाहता येतो.

न्याय-वैशेषिक दर्शनांचे आवडते उदाहरण घटाचे. दोन कपाले, म्हणजे घटाचे दोन अर्धे भाग, जोडून घट होतो: कपाले हे त्याचे समवायी कारण, त्यांचा संयोग हे असमवायी कारण, आणि कुंभार, त्याचे चाक, त्याची काठी ही निमित्त कारणे. इथवरचे पुष्कळांच्या कानावरून गेलेले असते. पण निमित्त कारणांच्या या घोळक्यातून कुंभाराला वेगळे काढून कर्ता का म्हणायचे, याचे उत्तर कमी लोक वाचतात. 17व्या शतकातल्या अन्नंभट्टाने आपल्याच ‘तर्कसंग्रहा’वर ‘दीपिका’ ही टीका लिहिली. तिच्यात कर्त्याला तीन गोष्टी लागतात असे म्हटले आहे: ज्या द्रव्यातून वस्तू घडायची त्याचे अपरोक्ष ज्ञान, ती घडवण्याची इच्छा आणि प्रयत्न. पहिली अट नीट पाहिली पाहिजे. तिथे घटाच्या आकाराचे ज्ञान मागितलेले नाही, मातीचे मागितले आहे. आणि तेही अपरोक्ष, म्हणजे ऐकीव नव्हे, अनुमानाने काढलेले नव्हे. आकार तर इच्छेतच आलेला असतो. काय हवे ते ज्याला ठाऊक आहे पण माती ठाऊक नाही, त्याच्यापाशी तीनपैकी एकच गोष्ट आहे.

आता बेल्ट ग्राइंडरकडे येऊ. सर्वसाधारणपणे त्यावर 2 इंच रुंद आणि 72 इंच लांब घर्षक पट्टा तीन-चार चाकांवरून धावतो. मॉडेलमध्ये तो चाकाच्या बरोबर मधोमध असतो, कारण आखणाऱ्याने तसे बंधन घातलेले असते. पडद्यावरच्या पट्ट्याला निसटण्याची मुभाच नाही. प्रत्यक्षात मोटार सुरू करताच सपाट चाकावरचा पट्टा बाजूला सरकत सरकत बाहेर पडतो. उपाय जुना आहे. निदान एका चाकाला मध्ये किंचित फुगवटा ठेवायचा, आणि ते चाक स्क्रूने जरासे कलवता येईल अशी सोय करायची. फिरता पट्टा मोठ्या व्यासाकडे चढत जातो, म्हणून फुगवटा त्याला मध्ये आणून धरतो. हे ऐकून विश्वास बसत नाही. ताणलेली वस्तू उतारावरून घसरायला हवी असेच मनाला वाटते. स्क्रू पाव फेरा फिरवला की धावता पट्टा नखभर डावीकडे जातो, पुन्हा उलटा फिरवला की परत येतो, हे बोटांना आणि डोळ्यांना एकाच वेळी कळते तेव्हा ते ज्ञान अपरोक्ष होते. तीच गोष्ट सांगाड्याची. मॉडेलमधला काटकोन काटकोनच राहतो. वेल्ड मारल्यावर मात्र तापलेला धातू थंड होताना आकसतो आणि पाइपला आपल्या बाजूला ओढतो; गुण्या लावला की फट दिसते. म्हणून जाणता माणूस आधी चारी बाजूंनी टॅक, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारतो, क्लॅम्प सोडत नाही, कधी कधी मुद्दाम उलट्या बाजूला थोडा कल देऊन ठेवतो. आणखी एक बारीक गोष्ट: एकात एक सरकणारे दोन चौकोनी पाइप पडद्यावर अलगद सरकतात, पण विकत आणलेल्या पाइपच्या आत जोडाची उंच शिवण असते आणि कोपरे गोलसर असतात. आतला पाइप तोंडाशीच अडतो. लांब कानस घेऊन ती शिवण उतरवल्याखेरीज यंत्राचा हात आत जात नाही.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. ही मॉडेलची मर्यादा नव्हे, कच्च्या मॉडेलची मर्यादा आहे, असे कोणी म्हणेल. शिवण दाखवा, वेल्डचे आकसणे गणितात घ्या, ताण आणि तापमानाचे विश्लेषण करा. मग वस्तूत असे काय उरेल जे मॉडेलमध्ये नाही? आक्षेप वजनदार आहे, कारण हे सगळे खरोखर करता येते आणि विमाने त्याच बळावर उडतात. पण ते आकडे कुठून आले ते पाहावे. एक मीटर पोलाद एका अंशाने तापले की साधारण 12 मायक्रॉन वाढते, हे कोणीतरी पोलाद तापवून मोजले म्हणून माहीत आहे. मोजमापाचे प्रमाण तापमान 20 अंश सेल्सिअस असावे असे 1931 साली आंतरराष्ट्रीय पातळीवर ठरले, ते याच कारणाने. मे महिन्यात नागपुरात पत्र्याच्या छपराखाली त्याच पट्टीचे माप तेच राहत नाही. एम 8 बोल्टसाठी छिद्र 8 मिलिमीटरचे न ठेवता सर्वसाधारण बैठकीला 9 मिलिमीटरचे ठेवावे, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ते कोष्टक म्हणजे अगणित फिटरांच्या अडलेल्या बोल्टांचा साठवलेला अनुभव आहे. तेव्हा मॉडेल जितके सुधारते तितके ते द्रव्याच्या प्रत्यक्ष ज्ञानावर अधिक अवलंबून होते. मोठ्या कारखान्यात आखणारा आणि घडवणारा वेगळे असूनही काम नीट चालते, त्याचे कारणही हेच. तिथे दुसऱ्याचे अपरोक्ष ज्ञान मानकांत, सहनमर्यादांत, प्रक्रियेच्या तक्त्यांत भरून ठेवलेले असते. कर्तेपण तिथे अनेकांत वाटलेले आहे, आणि ड्रॉइंगवर ज्याची सही असते त्याच्याकडे ते सगळे जात नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच परंपरेतून येतो. सांख्य म्हणतील, कार्य आधीपासून कारणात असतेच. नवे काही घडत नाही, जे अव्यक्त होते ते व्यक्त होते. मग यंत्र आधीच कुठेतरी होते हे मान्य करायला काय हरकत? हरकत नाही, पण ‘कुठेतरी’ म्हणजे कुठे हे सांख्यांनी नेमके सांगितले आहे. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त या मतासाठी, म्हणजे सत्कार्यवादासाठी, जी कारणे दिली आहेत त्यांतले एक असे की ज्याला जे हवे तो त्याचे योग्य उपादानच, म्हणजे मूळ द्रव्यच, शोधतो; तेल हवे असेल तर तिळाकडे जातो, वाळूकडे जात नाही. म्हणजे घट मातीत आहे, कुंभाराच्या डोक्यात नव्हे. हा युक्तिवाद मला फार मोलाचा वाटतो, कारण वर्कशॉपमध्ये त्याची सत्यता रोज पटते. माइल्ड स्टील वाकते आणि बिडाचे तुकडे होतात, म्हणून जिथे धक्का बसणार तिथे काय वापरायचे हे द्रव्यच ठरवते. न्याय आणि सांख्य शतकानुशतके भांडले, तरी वस्तूचा आकार द्रव्याशिवाय मनात पूर्ण होतो असे दोघांपैकी कोणीच म्हटले नाही. ती कल्पना जवळची वाटते प्लेटोच्या ‘टिमियस’ला. तिथे विश्वाचा कारागीर शाश्वत नमुन्याकडे पाहून जग घडवतो. आणि तिथेही प्लेटोला कबूल करावे लागले आहे की बुद्धीला अपरिहार्यतेची समजूत घालावी लागते. आपलाच हट्ट चालवून भागत नाही.

या वादातला सगळ्यात बळकट पुरावा मात्र तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत नाही, सपाट लोखंडी पाटांच्या इतिहासात आहे. अवजार घडवायला अवजार लागते. मग पहिले अवजार कोणी घडवले? तर्कशास्त्रात याला अनवस्था म्हणतात. तत्त्वज्ञ स्पिनोझाने हातोड्याचेच उदाहरण घेऊन हा प्रश्न मांडला आणि उत्तर दिले की माणसाने आधी अंगच्या साधनांनी सोप्या वस्तू केल्या, त्यांच्या आधाराने जरा कठीण वस्तू केल्या, आणि असे करत करत तो पुढे गेला. उत्तर बरोबर आहे, पण त्यातून एक शंका सुटत नाही: ओबडधोबड अवजारातून त्याच्याहून अचूक अवजार कसे निघते? 1840 साली अभियंता जोसेफ व्हिटवर्थने खरे सपाट पृष्ठ कसे मिळवावे हे जाहीरपणे मांडले. रीत हेन्री मॉड्स्लेच्या कारखान्यातून आलेली होती. दोन पाट एकमेकांवर रंग लावून घासले आणि उंचवटे स्क्रेपरने उतरवले, तर ते एकमेकांना तंतोतंत जुळतात. पण एक फुगीर आणि दुसरा खोलगट असूनही ते जुळू शकतात. म्हणून तिसरा पाट घ्यायचा आणि आळीपाळीने तिन्ही जोड्या जुळवत जायचे. तीन पृष्ठे एकमेकांना सर्व जोड्यांनी जुळतात ती फक्त तिन्ही सपाट असतील तेव्हाच. यात आधी कुठे सपाट वस्तू नव्हती, सपाटपणाचे चित्रही उपयोगाचे नव्हते. सपाटपणा त्या तीन लोखंडांच्या परस्परसंबंधातून, हाताने, घडत गेला. आज संगणकाच्या हुकमाने चालणाऱ्या मिलिंग मशीनचे सरळ मार्ग याच अचूकतेच्या वंशातले आहेत. मॉडेल ज्या यंत्रावर भरवसा ठेवून ‘काप’ म्हणते, त्या यंत्राची अचूकता मॉडेलमधून आलेली नाही.

इथे कोणी विचारील, मग मॉडेल हवे कशाला? जुना लोहार नजरेने काम करीत होताच. या म्हणण्याशी मी सहमत नाही. 1963 साली अमेरिकेतल्या एमआयटीत आयव्हन सदरलँडने ‘स्केचपॅड’ ही संगणकावर आकृती काढण्याची प्रणाली दाखवली तेव्हा नवी गोष्ट रेघ काढणे ही नव्हती. दोन रेघा समांतर राहतील किंवा काटकोनात राहतील असे बंधन घालता येणे ही होती. बंधन घालायचे म्हणजे आपल्याला नक्की काय हवे ते स्वतःशी कबूल करायचे. हाताने कागदावर काढलेल्या आकृतीत जे प्रश्न पुढे ढकलता येतात ते मॉडेल ढकलू देत नाही: हा बोल्ट आवळायला पाना कुठून आत जाणार, बेअरिंग बदलायची वेळ आली तर सगळा सांगाडा सोडावा लागेल का, मोटारीचा बॉक्स भिंतीला लागेल का. चूक पडद्यावर झाली तर पत्रा वाया जात नाही. आणि ज्याला लोहाराच्या घरी जन्म मिळाला नाही, ज्याला शिकवणारा उस्ताद नाही, त्यालाही त्यामुळे वाट मिळते. हा लाभ मी लहान मानत नाही. मॉडेलची योग्य जागा काठी आणि चाक यांच्या रांगेत आहे. ते साधन आहे, आणि उत्तम साधन आहे. खंडेनवमीला लेथ, पाने, हातोडे यांच्याबरोबर आता लोक लॅपटॉपलाही हळदकुंकू वाहतात. त्यात मला विचाराची चूक दिसत नाही. चूक होते ती साधनाला कर्त्याच्या जागी बसवले की.

कर्त्याला द्रव्याचे अपरोक्ष ज्ञान हवे, या अटीचा उपयोग न्यायदर्शनाने एका मोठ्या प्रश्नासाठी केला होता. नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वराच्या सिद्धीसाठी जे युक्तिवाद दिले त्यांतला एक असा की जग हे कार्य आहे, म्हणून घटाप्रमाणे त्यालाही कर्ता हवा. हा युक्तिवाद पटो वा न पटो. मीमांसकांना आणि बौद्धांना तो पटला नव्हताच. मला महत्त्वाचे वाटते ते हे की नैयायिकांच्या ईश्वराला जगाचा आराखडा माहीत असून पुरत नाही, परमाणूंचे अपरोक्ष ज्ञान असावे लागते. वारकरी परंपरेने तर हे तर्काशिवायच ओळखले होते. तिच्या कथांतला विठ्ठल दूर बसून संकल्प करीत नाही. तो जनाबाईबरोबर दळतो, गोरोबांच्या घरी माती मळतो, नाथांच्या घरी पाणी भरतो. देवाला देवपण टिकवायला हाताने काम करावे लागले नसते, तरी या लोकांनी त्याला हातांसह कल्पिले. डोक्याने केलेले वरचे आणि हाताने केलेले खालचे, अशी उतरंड ज्या समाजात जातीने पक्की केली होती त्याच समाजात हे घडले, म्हणून त्याची किंमत अधिक आहे.

ती उतरंड मोडलेली नाही. तिला नवी भाषा मिळाली आहे. अभियांत्रिकीचा विद्यार्थी सुरेख मॉडेल करून पदवी घेतो आणि त्याने पाइपची शिवण कधी बोटाने चाचपलेली नसते. आयटीआयमधला फिटर लोखंडाचा ठोकळा कानशीने गुण्यात आणतो, पण तो ठोकळा असाच का असावा हे ठरवण्याची संधी त्याला क्वचितच मिळते. एकाला इच्छा दिली, दुसऱ्याला प्रयत्न दिला, आणि अपरोक्ष ज्ञान ज्याच्याकडे साचते त्याचे मत कोणी विचारीत नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला तो हाताने काम करीत शिकण्याच्या तत्त्वावर. 2002 मध्ये तिथेच एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची कार्यशाळा, उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या लॅबपैकी एक. खेड्यातल्या मुलांच्या हाती वेल्डिंग मशीन आणि संगणकाने चालणारी यंत्रे एकाच आवारात आली. घरी अवजार घडवणारा माणूस एकटा हेच करीत असतो: गुण्याने दाखवलेली फट पाहून पडद्याकडे परत जातो, सांध्याचा क्रम बदलतो, पुन्हा टॅक मारतो. फिटरच्या अभ्यासक्रमात मॉडेल करणे आणि अभियंत्याच्या अभ्यासक्रमात स्वतःच्या मॉडेलवरून एक तरी अवजार वापरात येईपर्यंत घडवणे, या दोन्ही गोष्टी सक्तीच्या करायला फार पैसा लागत नाही. त्या अजून सक्तीच्या नाहीत, याचे कारण आपण कर्ता कोणाला मानतो यातच शोधावे लागेल.