कोणाच्या कानासाठी?

आवाज साठवताना वॅव्ह फाइल ठेवायची की एमपी३, हा प्रश्न आमच्या धंद्यात हिशोबाने सुटतो. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज मिनिटाला साधारण १० एमबी जागा खातो. १२८ केबीपीएसची एमपी३ त्याच मिनिटाला १ एमबीच्या आत बसते. स्टोरेजचे पैसे पडतात, वापरणाऱ्याचा डेटा खर्च होतो. चर्चा बहुधा इथेच संपते. मला मात्र यात एक नैतिक प्रश्न दिसतो.

फ्लॅकसारखं कॉम्प्रेशन त्यातून वगळू. त्यात फाइल लहान होते, पण उलगडल्यावर मूळ आवाज जसाच्या तसा परत मिळतो. एमपी३ आणि नेहमीचं जेपेग काही भाग कायमचा टाकून देतात. काय टाकायचं? जे माणसाला जाणवत नाही ते. मोठ्या आवाजाशेजारचा बारीक आवाज कानाला कळत नाही. रंगातल्या सूक्ष्म फरकांपेक्षा उजेडातले फरक डोळ्याला जास्त कळतात. मग न कळणारं कशाला साठवा? बसमध्ये इयरफोन लावून गाणं ऐकणाऱ्यावर यात काहीही अन्याय होत नाही.

मात्र या सगळ्यात एक गृहीत लपलेलं आहे: फाइलच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय आणि त्याला काय हवंय, हे आपल्याला ठाऊक आहे.

२०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाच्या लक्षात आलं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलताहेत. एका नकाशात तीन खोल्यांची क्षेत्रफळं वेगवेगळी होती. स्कॅनमध्ये तिन्ही १४.१३ झाली. जेबिग२ नावाची पद्धत सारखे दिसणारे ठिपक्यांचे तुकडे एकदाच साठवते आणि तेच इतरत्र चिकटवते. चित्र स्वच्छ, अक्षर ठसठशीत, आकडा चूक. धूसर झालेला आकडा निदान ‘मला नीट वाचता येत नाही’ असं सांगतो. हा आकडा ठामपणे खोटं बोलत होता.

म्हणजे किती गमावलं यापेक्षा, गमावल्याचं कळतं का, हा प्रश्न मोठा आहे. आणि चांगल्या कॉम्प्रेशनची कसोटीच मुळी ‘कळू नये’ ही असते!

जात्यावरच्या ओव्यांचं उदाहरण घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या बायकांच्या लाखभर ओव्या जमा झाल्या. समजा, असं ध्वनिमुद्रण फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधून गेलं. त्याच्या लेखी बाईचा आवाज ही माहिती आणि जात्याची घरघर हा गोंगाट. आज शब्द ऐकणाऱ्याला तक्रार नसेल. उद्या कोणी दळण्याची लय आणि ओवीची चाल यांचं नातं शोधायला बसेल, त्याच्यासाठी आपण आधीच निर्णय देऊन टाकलेला असेल. त्याला अपीलही नाही.

म्हणून सगळंच कच्चं ठेवा, असं मी म्हणत नाही. गावातल्या फोनवर उघडतच नाही अशी जडशीळ फाइल ओवी गाणाऱ्या बाईच्या नातीपर्यंत पोचत नाही, तेही गमावणंच. पण वॅव्हवरून एमपी३ कधीही करता येते, उलटं करता येत नाही. त्यामुळे वाटायच्या प्रती खुशाल लहान कराव्यात. जे पुन्हा घडणार नाही त्याची मूळ फाइल एका ठिकाणी राखावी, आणि प्रतीवर ‘यातून काही वगळलं आहे’ एवढं लिहावं. डिस्कचं बिल थोडं वाढेल. जो अजून जन्मालाच आलेला नाही त्याला काय ऐकायचं असेल, हे आज ठरवण्यापेक्षा ते बिल मला स्वस्त वाटतं.