गैरहजेरीचा अर्थ

जयपूरच्या जुन्या शहरात, रामगंजच्या परिसरात, रत्नांना पैलू पाडण्याचा व्यवसाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. उस्तादाशेजारी, फिरत्या चाकापुढे बसलेला तेरा-चौदा वर्षांचा मुलगा हे या व्यवसायातील जुने दृश्य. अशा मुलाचे नाव पुष्कळदा एखाद्या शाळेच्या हजेरीपटावरही असते. फक्त नावापुढे गैरहजेरीच्या खुणांची रांग असते. सभासमारंभांतून आपण मुलांना ‘पैलू न पडलेली रत्ने’ म्हणतो. ही उपमा ऐकून तो मुलगा कदाचित हसेल. पैलू पाडताना दगडाला कोणी विचारीत नाही, हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

शाळा बुडविणारा मुलगा दगड होण्याचे नाकारतो. या नकाराला काही नैतिक मूल्य आहे काय?

आपल्या भाषेने नकळत एक न्याय करून ठेवला आहे. मुले शाळा सोडतात त्याला आपण ‘गळती’ म्हणतो. आणि घागर गळू लागली तर दोष पाण्याला देण्याची रीत नाही. तरीही शिक्षा व्हायची ती मुलालाच होते. तो ‘उनाड’ ठरतो, आणि शाळेला कोणी तिचे वर्तन विचारीत नाही.

परंतु या नकाराचे कौतुक करणे हीही सुशिक्षितांची चैन आहे. चौदाव्या वर्षी घेतलेले स्वातंत्र्य चाळिसाव्या वर्षी बेडी होऊ शकते. दगडाची बारीक धूळ छातीत साठत असता ज्याला दुसरा धंदा निवडता येत नाही, त्याने शाळेला नकार दिला असे कसे म्हणावे? जे नाकारतो त्याचे मोल माहीत असेल, तरच नकार खरा. म्हणून महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे किमान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले, ते योग्यच होते.

प्रश्न एवढाच, की सक्ती कोणावर? 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याने ती मुख्यतः शासनावर ठेवली. शाळाबाह्य मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि विशेष प्रशिक्षण मिळावे, चौदा वर्षांनंतरही त्याचे प्राथमिक शिक्षण विनामूल्य पुरे व्हावे, असे तो सांगतो. मात्र कायदा बाक देऊ शकतो, त्या बाकावर बसताना वाटणारी लाज हरण करू शकत नाही. समवयस्कांत बसावे तर वाचता येत नाही. लहानांत बसावे तर मिसरूड फुटलेली असते.

ही लाज मुलाची नव्हे, व्यवस्थेची आहे असे मानून काहींनी व्यवस्थाच बदलली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणू तालुक्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा कुरणात गेली. जयपूरमध्ये 1978 साली सुरू झालेल्या ‘दिगंतर’ने इयत्तांच्या भिंती आणि शिक्षेचे भय दूर सारून प्रत्येक मुलाला आपल्या गतीने शिकू दिले. या दोन प्रयोगांत काळाचे आणि प्रदेशाचे अंतर आहे. परंतु दोन्हींत पहिले पाऊल मोठ्यांनी टाकले.

किशोरवयीन मुलासाठी याहून थोडे अधिक लागते. कुरणातल्या बालकाला हात धरून आणता येते. चौदा वर्षांच्या मुलाला स्वतःचा निर्णय असतो. त्याला आणता येत नाही, तो परतू शकतो. आणि माणूस तेथेच परततो, जेथे आपण नव्हतो हे कोणाला तरी जाणवले होते. चाकापुढून उठून आलेल्या मुलाला ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे दरडावण्याऐवजी ‘इतके दिवसांत काय शिकलास?’ असे विचारणारा शिक्षक भेटावा. पैलूचा कोन साधणाऱ्या हाताला भूमिती अगदीच अनोळखी नसते. तेथून धडा सुरू झाला, तर मधली वर्षे वाया गेली असे त्यालाही वाटणार नाही, आणि शाळेलाही.