हवेचं सोवळं

नेरूळला मी भिक्षुकी करतो. पाणी कुणी भरलं, नैवेद्य ओलेत्याने शिजवला की नाही, याचे नियम मला पाठ आहेत. (त्याच नियमांच्या नावाखाली आपण माणसं दूर लोटली, ते पाप वेगळंच.) श्वासाच्या हवेला मात्र सोवळं नाही. ती कुणाच्या घरची नव्हती, म्हणून असेल. तळोज्याच्या कारखान्यांनी हा समज केव्हाच मोडला. रात्री वास सुटला की खारघरची माणसं खिडक्या लावून घेतात. विमानात ती सोय नाही.

माझी मुलगी केबिन क्रूमध्ये आहे. तिच्याकडून कळलं, बहुतेक जेट विमानांत आतली हवा इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधून, इंधन जळायच्या आधीच्या टप्प्यावर काढून घेतात. सील गळलं तर तेलाची वाफ तिच्यात मिसळते. तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट असतं. त्याचे काही प्रकार मज्जातंतूंना घातक. विमानातला हेपा फिल्टर कण अडवतो, वाफ नाही.

"मग कळतं कसं?"

"नाकाने, बाबा. ओल्या मोज्यांसारखा वास आला की कॅप्टनना सांगायचं."

छांदोग्य उपनिषदात इंद्रियांचं भांडण आहे, श्रेष्ठ कोण म्हणून. वाणी, डोळे, कान, मन एकेक वर्ष बाहेर राहून आले. देह चालत राहिला. प्राण, म्हणजे श्वास, निघू लागला तसे सगळेच उपटले जाऊ लागले. सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या जेट एअरवेजच्या विमानात इंजिनाची हवा आत घेणारं बटण दाबायचं राहिलं. दाब टिकला नाही, तिसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं, विमान परतलं. तिथे विष नव्हतं. पण आपला प्राण दुसऱ्याच्या हाती असणं म्हणजे काय, ते त्यांना उपनिषद न वाचता कळलं.

तेलाच्या वाफेने कायमचे आजार जडतात का, यावर वैद्यकात एकमत नाही. मुलगी म्हणते, असे प्रसंग विरळा. मान्य. माझा प्रश्न शंकेचा आहे. सोवळ्यात शंका आली की पुन्हा आंघोळ. त्रास रांधणाऱ्याला, जेवणाऱ्याला नाही. विमानात उलटं. शंका फिटेपर्यंत तीच हवा घ्यायची, आणि सिद्ध करायचं ते ज्याला भोवळ आली त्याने. प्रवासी तरी उतरून घरी जातो, क्रू पुन्हा चढतो. बोइंग ७८७ मध्ये ही हवा इंजिनातून न घेता विजेच्या कॉम्प्रेसरने बाहेरून घेतात; म्हणजे दुसरी चूल मांडता येते. बाकीच्या विमानांत निदान वाफ मोजणारं यंत्र बसवावं, आणि त्यातले आकडे क्रूला मागावे न लागता मिळावेत.