वाढता चेहरा कुणाचा?

चेहऱ्याच्या हाडांत खालच्या जबड्याची वाढ सगळ्यांत उशिरा थांबते: मुलींमध्ये साधारण १५-१६व्या वर्षी, मुलांमध्ये १७-१८व्या किंवा त्याहूनही पुढे. पुढे आलेला जबडा त्याआधीच कापून मागे बसवला, तर उरलेली वाढ त्याला पुन्हा पुढे आणू शकते आणि मुलाला दुसऱ्यांदा टेबलावर जावे लागते. म्हणून सर्जन काही महिन्यांच्या अंतराने एक्स-रे काढतात आणि लागोपाठच्या दोन एक्स-रेंत फरक दिसेनासा होईपर्यंत थांबतात. या थांबण्यामागे वैद्यकाइतकेच नीतीचेही कारण आहे, असे मला वाटते. या शस्त्रक्रियेत खालच्या ओठाची संवेदना कायमची जाऊ शकते. मुलाचा चेहरा आईवडिलांकडे ठेव असतो. ठेव राखायची असते. ती मोडायची तर ज्याची आहे त्याला विचारून.

कॅनडाच्या कायद्यात हा विचार आहे. ओंटारियोच्या १९९६च्या कायद्याने संमतीला वयाची अट घातलेली नाही. उपचार आणि त्याचे परिणाम मुलाला समजतात का, हे पाहायचे. क्वेबेकमध्ये १४ वर्षांचे मूल आवश्यक उपचारांना स्वतः संमती देते. पण आवश्यक नसलेल्या उपचारात गंभीर धोका आणि कायमचा परिणाम संभवत असेल, तर पालकांचीही संमती लागते. मॅनिटोबातल्या एका १४ वर्षांच्या मुलीने श्रद्धेपोटी रक्त नाकारले होते. त्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या हितासाठी उपचाराचा आदेश देऊ देणारा तिथला कायदा कायम ठेवला, पण सांगितले की मूल जितके प्रगल्भ, तितके हित ठरवताना त्याच्या मताला वजन.

देवाने दिलेले शरीर बदलूच नये, हा आक्षेप मला पटत नाही. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या गाडीवानाला पुण्याजवळच्या देशी वैद्याने कपाळाच्या कातडीतून नाक करून दिले, त्याची हकिकत १७९४मध्ये लंडनच्या मासिकात छापून आली. मात्र तो गाडीवान मोठा माणूस होता, आणि गेलेले परत मागत होता. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: उद्याच्या माणसासाठी आजच्या मुलाने वर्गातली चिडवाचिडवी का सोसायची? गीतेच्या दुसऱ्या अध्यायात बालपण, तारुण्य आणि म्हातारपण या एकाच देहधाऱ्याच्या अवस्था मानल्या आहेत. ते मान्य केले तर आजचे मूल आणि उद्याचा माणूस हे एकमेकांविरुद्धचे पक्षकार राहत नाहीत. आजचे दुःखही त्याच एकाचे, म्हणून तेही मोजायलाच हवे. जबडा फार लहान असल्याने जीभ मागे पडून श्वास कोंडणाऱ्या तान्ह्या बाळाचा जबडा रोज सुमारे एक मिलिमीटर ताणून वाढवतात. तिथे थांबणे क्रूरपणा ठरेल. मनाचा कोंडमाराही कधी तितकाच खरा असतो, आणि तेव्हा लवकर शस्त्रक्रिया करण्याला माझा विरोध नाही. फक्त दुसरी शस्त्रक्रिया लागू शकते, हे त्या मुलाला त्याच्या भाषेत आधी सांगितलेले असावे, आणि ते ऐकून त्याने ‘नको, थांबू’ म्हटले तर तेही ऐकले जावे.